रे. नारायण शेषाद्रि आणि पंगतीचा न्याय

जालना शहरांत कुंडलिका नदीच्या कांठीं मस्तगड नांवाचा जुना गड आहे. पहिल्या निजामाच्या अमदानींत, १७२५ च्या सुमारास, तो बांधला गेला. आज त्याची बरीच पडझड झाली आहे. परंतु त्याचे बुरूज पाहिले म्हणजे गड कशासाठीं बांधीत असत हें खेड्यांतल्या मुलासहि समजतें. आंत कोणास घ्यावयाचें व बाहेर कोणास ठेवावयाचें हें दरवाजावर ठरविण्याकरितां. या गडापासून थोड्या मैलांवर, सुमारें दीडशें वर्षांनंतर, एका ख्रिस्ती पाळकानें दुसरीच एक वस्ती वसविली. ज्या जातींच्या लोकांस गांव आपल्या वेशीच्या आंत घर बांधूं देत नसे, त्यांचीं घरें त्या वस्तींत उभीं राहिलीं. त्या वस्तीचें नांव बेथेल, आणि त्या पाळकाचें नांव नारायण शेषाद्रि.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं हें नांव सभांमध्यें किंवा वडिलांच्या तोंडून ऐकिलें असेल. तें सांगण्याची रीत ठरून गेली आहे: ब्राह्मण कुळ, बाप्तिस्मा, छळ, सेवा आणि यश. ही रीत खोटी नव्हे. परंतु तींत एक गोष्ट आपण आपल्या सोयीप्रमाणें सांगतों, आणि दुसरी एक मुळींच सांगत नाहीं. त्या दोहोंकरितांच हें चरित्र आम्हीं लिहावयास घेतलें आहे.

नारायणराव मुंबईस स्कॉटलंडच्या मिशनच्या इंग्रजी शाळेंत शिकले. डॉ. जॉन विल्सन यांनीं नांवारूपास आणिलेली ती शाळा. त्या शाळेंत मुलगा घालणें त्या काळीं धोक्याचें मानीत. १८३९ मध्यें धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां आईबापांनीं बहुतेक मुलें शाळेंतून काढून नेलीं होतीं. पुढें शाळा पुन्हां भरली, कारण इंग्रजी विद्या तर हवी होती. धर्म नको पण विद्या हवी, असें आईबाप म्हणत. आणि मिशनहि केवळ विद्या देण्यासाठीं शाळा चालवीत नव्हतें. दोन्ही पक्ष एकमेकांस ओळखून होते. ढोंगाचा सगळा बोजा एकाच बाजूच्या डोक्यावर द्यावा, असें आम्हांस वाटत नाहीं.

१८४३ च्या सप्टेंबर महिन्यांत नारायणरावांचा बाप्तिस्मा झाला. डॉ. विल्सन त्या वेळीं मुंबईंत नव्हते. रॉबर्ट नेस्बिट हे त्यांचे गुरु व आधार होते. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत सुमारें १२ वर्षांचा होता. तोहि भावाच्या मागोमाग नेस्बिट यांच्या घरीं राहावयास आला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तो तेथें राहिला आणि तेथलें अन्न जेवला, इतकेंच.

वडिलांनीं सुप्रीम कोर्टांत दाद मागितली. न्यायमूर्ति सर अर्स्किन पेरी यांनीं मुलगा अज्ञान आहे, सबब तो बापाच्या स्वाधीन करावा, असा निकाल दिला. मुलाची घरीं जाण्याची इच्छा नव्हती, तरी त्यास जावें लागलें. आमच्या सभांमध्यें या ठिकाणीं वक्त्याचा आवाज चढतो व त्या बापास कठोर शब्द लागूं होतात. परंतु आमचा १२ वर्षांचा मुलगा परधर्मी गुरूच्या घरीं जाऊन राहिला, आणि येत नाहीं म्हणाला, तर आम्ही काय केलें असतें? ज्याच्या घरांत १२ वर्षांचें लेंकरूं आहे त्यानें याचें उत्तर मनाशीं द्यावें, आणि मग त्या बापाविषयीं बोलावें.

खरा खटला तर कोर्टाच्या बाहेर उभा राहिला. श्रीपत घरीं आला, पण घरच्या पंगतीला कसा बसवावा? परक्याच्या हातचें अन्न त्याच्या पोटांत गेलेलें. मुंबईंतील ब्राह्मणांत दोन तट पडले. एका तटाचें म्हणणें, हा पतित झाला, आतां त्यास ज्ञातींत घेणें नाहीं. दुसऱ्या तटाचें म्हणणें, हा अजाण मुलगा आहे, त्यानें धर्म सोडिला नाहीं, शास्त्रांत प्रायश्चित्त सांगितलें आहे, तें देऊन त्यास जवळ करावें. या दुसऱ्या तटाचे पुढारी होते बाळशास्त्री जांभेकर.

हे तेच बाळशास्त्री, ज्यांनीं १८३२ च्या जानेवारींत ‘दर्पण’ पत्र काढून मराठी वर्तमानपत्रांचा पाया घातला. ते एल्फिन्स्टन विद्यालयांत अध्यापक होते, मोठे विद्वान् होते, आणि आमच्या मिशनच्या कार्याचे विरोधक होते, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. मुलगा ख्रिस्ती होऊं नये असेंच त्यांस वाटे. परंतु जो मुलगा परत आला त्यास दार बंद करणें त्यांच्या मनास पटेना. त्यांनीं शास्त्रें धुंडाळिलीं, वाद केला, आणि स्वतःच्या जातभाईंचा रोष ओढवून घेतला. एका मुलास पंगतीस बसविण्याचा आग्रह धरणाऱ्यांस स्वतःच पंगतींतून उठविण्याच्या गोष्टी होऊं लागल्या. १८४६ मध्यें, वयाच्या ऐन भरांत, बाळशास्त्री निवर्तले.

आतां आमची सोय कशी असते तें पाहावें. श्रीपताची गोष्ट सांगतांना आम्ही सर्व ब्राह्मणांस एका माळेंत ओंवितों, त्यांस परूशी म्हणतों, आणि बाळशास्त्र्यांचें नांव गाळतों. कारण तें नांव आलें कीं गोष्ट सरळ राहत नाहीं. ज्यानें आमच्या धर्माचा स्वीकार केला नाहीं, त्यानें त्या वेळीं दयेची बाजू घेतली, हें कबूल करावें लागतें. मंदिरांत प्रार्थनेस गेलेल्या परूशी व जकातदार यांचा दाखला आम्हां सर्वांस पाठ आहे. परूशी आपण त्या पाप्यासारखे नाहीं म्हणून देवाचे आभार मानितो. आम्ही तो दाखला ऐकतों, आणि आपण त्या परूश्यासारखे नाहीं म्हणून मनांतल्या मनांत देवाचे आभार मानूं लागतों.

मुळींच न सांगितली जाणारी गोष्ट आतां सांगतों. ज्या वर्षीं नारायणरावांचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षीं, १८४३ मध्यें, स्कॉटलंडच्या मंडळींत मोठी फूट पडली. मंडळीच्या कारभारांत सरकारचा व जमीनदारांचा हात नको, असें म्हणून शेंकडों पाळकांनीं आपलीं घरें व पगार सोडिले आणि फ्री चर्च स्थापिलें. मुंबईचे मिशनरी त्या फ्री चर्चास मिळाले. तो त्याग खरा होता. परंतु नव्या मंडळीस पैसा हवा होता. १८४४ मध्यें तिचे प्रतिनिधि अमेरिकेंत गेले, आणि दक्षिणेकडील संस्थानांत, जेथें मनुष्यांची खरेदीविक्री चाले, तेथूनहि त्यांनीं वर्गणी आणिली. ती सुमारें ३,००० पौंडांची होती. १८४६ मध्यें फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामगिरींतून निसटून आलेला होता, तो स्कॉटलंडांत गांवोगांव सभा घेऊन तो पैसा परत पाठवा म्हणून सांगूं लागला. लोक भिंतींवर तेंच लिहूं लागले. पैसा परत गेला नाहीं. मंडळीच्या पुढाऱ्यांनीं, गुलाम बाळगणारा मनुष्यहि ख्रिस्ती असूं शकतो, आम्ही त्याचा न्याय कसा करावा, असा युक्तिवाद केला.

न्याय करूं नका हें प्रभूचें वचन अशा कामींहि वापरतां येतें, हें वाचून आम्ही पुष्कळ वेळ स्तब्ध बसलों होतों. मुंबईंत त्याच मंडळीचे लोक जातिभेदाविरुद्ध उपदेश करीत होते, आणि तो उपदेश खरा होता. तिकडे तिच्या पेटींत गुलामांच्या घामाचा पैसा पडला होता, हेंहि खरें होतें. नारायणरावांचे गुरु यासाठीं दोषी ठरत नाहींत. परंतु मुसळ कोणाच्या डोळ्यांत व कुसळ कोणाच्या, याचा हिशेब वाटतो तितका सोपा नाहीं.

मुंबईंत कांहीं वर्षें गेल्यावर १८५४ मध्यें नारायणरावांस पाळकाची दीक्षा मिळाली, आणि पुढें ते जालन्यास गेले. जालना त्या वेळीं निजामाच्या राज्यांत. तेथें लष्कराची छावणी होती, नदीच्या एका तीरावर जालना व पलीकडे कादराबाद, आणि भोंवतालीं खेडीं. मुंबईच्या मिशनची समजूत अशी होती कीं आधीं वरच्या जातींतील शिकलेले लोक ख्रिस्ती व्हावे, म्हणजे तें पाणी आपोआप खालीं झिरपेल. नारायणराव स्वतः त्या समजुतीचें फळ होते. जालन्यास मात्र त्यांच्याकडे जे लोक आले ते मुख्यत्वेंकरून मांग व महार. दोर वळणारे, केरसुण्या बांधणारे, गांवच्या लग्नांत वाजविणारे व गांवच्या विहिरीपासून दूर उभे राहणारे लोक ते.

मांगांविषयीं गांवाचें मत ठरलेलें असे. चोरी झाली कीं पहिल्यानें मांगवाडा झडावयाचा. १८७१ मध्यें तर ब्रिटिश हिंदुस्थानांत असा कायदाच झाला कीं ज्यानें कांहीं जमाती जन्मानेंच गुन्हेगार धरल्या. तो १९५२ मध्यें रद्द झाला. जालना इंग्रजी मुलखांत नव्हतें, परंतु मांगांविषयींची समजूत त्याच मातीची होती. कोर्टाच्या आधीं न्याय व गुन्ह्याच्या आधीं शिक्षा. अशा लोकांमध्यें एक ब्राह्मण कुळांतला, इंग्रजी शिकलेला मनुष्य जाऊन राहिला. ज्याच्या भावाच्या एका जेवणावरून मुंबई हालली होती, तो आतां मांग बंधूंबरोबर प्रभुभोजनास एकाच भाकरीचा वांटेकरी झाला.

बेथेलची जागा हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळाली. १८५३ पासून १८८३ पर्यंत त्या राज्याचा कारभार त्यांच्या हातीं होता. ते मुसलमान होते, निजामाचे दिवाण होते. ख्रिस्ती गांव वसावें म्हणून त्यांनीं जमीन द्यावी अशी त्यांस कांहीं गरज नव्हती. तरी ती दिली. आमच्या गोष्टींतलें हें दुसरें नांव कीं जें आम्ही घाईनें उच्चारून पुढें जातों. याकोबाला वाटेंत दगड उशाशीं घेऊन निजला असतां जें स्वप्न पडलें, त्या ठिकाणाचें नांव या वस्तीस दिलें. नवे ख्रिस्ती आपआपल्या गांवीं राहिले तर त्यांस काम मिळेना, पाणी मिळेना, म्हणून त्यांच्या हक्काची जमीन, घर, विहीर, शाळा व मंदिर एके ठिकाणीं असावें, हा हेतु.

येथें आमच्या उपदेशक बंधूंच्या मनांत एक शंका येईल, व ती योग्य आहे. जमीन व विहीर मिळते म्हटल्यावर कोण खरा विश्वासी व कोण भाकरीसाठीं आलेला, हें पाहावयाचें कीं नाहीं? न्याय करूं नये म्हणून बाप्तिस्म्यापूर्वीं प्रश्नहि विचारूं नयेत काय? १८७६ पासून १८७८ पर्यंत दख्खनांत भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळीं सगळ्याच मिशनांपुढें हा प्रश्न दत्त म्हणून उभा राहिला. आणि दुष्काळांत जे ख्रिस्ती झाले त्यांच्या नातवंडांसहि लोक भाकरीचे ख्रिस्ती म्हणून टोंचीत.

आम्हांस जें समजलें तें असें. प्रभूनें न्याय करूं नये असें सांगितलें, त्याच अध्यायांत पुढें झाडाची ओळख फळांवरून होते असेंहि सांगितलें. म्हणजे पारख करणें निराळें व शिक्षा फर्माविणें निराळें. सोनार सोनें कसाला लावतो तेव्हां त्याच्या मनांत सोन्याविषयीं वैर नसतें. पारख करणारा मनुष्य फळ येईपर्यंत वाट पाहतो, आणि न्याय करणारा बीं पाहूनच झाड तोडितो. पौलानेंहि गलतीकरांस लिहितांना अपराधांत सांपडलेल्यास सौम्यतेनें ताळ्यावर आणावें, व आणणाऱ्यानें स्वतःकडे लक्ष ठेवावें, असें बजाविलें आहे. शिवाय भुकेलेल्या मनुष्यानें भाकर मागितली म्हणून त्याचा विश्वास खोटा कसा ठरतो? दूरदेशीं गेलेल्या पुत्रास घरची आठवण झाली ती भुकेनेंच झाली. आणि बापानें तो कोणत्या हेतूनें आला याची चौकशी केली नाहीं. चौकशी केली ती वडील भावानें.

नारायणरावांचें मन या कामीं कधींच डळमळलें नसेल असें आम्ही म्हणत नाहीं. कोणाचें मन निर्मळ होतें असा निकाल देणें हेंहि न्यायासनावर चढणेंच आहे. आम्हांपुढें त्यांचें काम आहे. ज्यांची पारख गांवानें जन्मावरून केली होती, त्यांना त्यांनीं फळ येण्यापुरता अवकाश, जमीन आणि शाळा मिळवून दिली.

१८७३ मध्यें नारायणराव अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क येथें अनेक देशांच्या ख्रिस्ती मंडळ्यांची मोठी परिषद भरली होती, तींत ते पांढरें पागोटें व देशी पोशाख घालून बोलले. तें पागोटें तिकडच्या लोकांस कौतुकाचें वाटलें. ख्रिस्ती होणें म्हणजे टोपी व पाटलोण चढविणें, अशी समजूत आपल्या खेड्यांत कांहींनीं करून घेतली होती, आणि धोतर नेसणारा ख्रिस्ती कच्चा असें मानणारेहि होते. त्यांनीं या पागोट्याकडे पाहावें. ज्या देशांतून एके काळीं तो ३,००० पौंडांचा पैसा आला, तेथें गुलामगिरी १८६५ मध्यें संपली होती. तेथल्याच सभेंत आतां मांग बंधूंच्या पाळकास ऐकण्यासाठीं लोक जमले होते.

१८९१ मध्यें नारायणरावांचें देहावसान झालें. त्यांच्या मागें मंडळ्यांचीं नांवें बदललीं: फ्री चर्च १९०० मध्यें युनायटेड फ्री चर्चांत मिळालें, १९२९ मध्यें तें चर्च ऑफ स्कॉटलंडांत एक झालें, १९७० मध्यें उत्तर भारताची मंडळी झाली. निजामाचें राज्य १९४८ मध्यें गेलें, आणि १९८१ मध्यें जालना स्वतंत्र जिल्हा झाला.

शेवटीं आमचीच एक गोष्ट सांगणें आम्हांस प्राप्त आहे, कारण ती सांगितल्यावांचून वरचें सगळें लिहिण्याचा आम्हांस अधिकार पोंचत नाहीं. एका खेड्यांतील लहानशा मंडळींत, तिचें नांव येथें नको, एका बंधूचें मूल फार आजारी पडलें. प्रार्थना झाली, दवाखाना झाला, ताप उतरेना. म्हातारी आजी ऐकेना, तेव्हां तो तिच्याबरोबर रात्रीं देवीच्या ठाण्यावर गेला व नारळ फोडून आला. मूल वाचलें. बातमी मंडळींत फुटली. पंच बसले. त्या पंचांत आम्हीहि होतों.

त्या बैठकींत बसलेल्यांपैकीं एक गृहस्थ सावकारी करीत व नडलेल्याकडून दामदुप्पट घेत. दुसऱ्यानें आपली मुलगी ख्रिस्ती घरीं देतांना आधीं जुनी जात विचारली होती. आम्हीं स्वतः त्या वर्षीं सख्ख्या भावाशीं बांधावरून अबोला धरिला होता. तरी आम्हां सर्वांस त्या नारळाचें पाप स्पष्ट दिसलें. तो बंधु हात जोडून उभा होता. चुकलों म्हणाला. आम्हीं त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेविलें, आणि कागदावर सही केली. किती दिवस, हें लिहिलें नाहीं. तीन वर्षें गेलीं. त्या तीन वर्षांत आम्हांपैकीं कोणीहि त्याच्या घरीं पाण्याला गेला नाहीं. लग्नकार्यांत त्यास बोलावणें बंद झालें. तो रविवारीं मंदिराबाहेर लिंबाखालीं बसून गीतें ऐके.

श्रीपत शेषाद्रीची हकीकत आम्हीं त्याच सुमारास वाचिली. मुंबईच्या त्या शास्त्र्यांस आम्ही परूशी म्हणत आलों होतों. त्यांनीं मुलगा काय जेवला तें पाहिलें. आम्हीं नारळ पाहिला. आणि त्यांच्यांत निदान एक बाळशास्त्री निघाला, आमच्या बैठकींत एकहि निघाला नव्हता.

आम्ही आधीं भावाच्या घरीं गेलों. तें जड गेलें, त्याचें वर्णन नको. मग पंचांपैकीं आणखी एकास बरोबर घेऊन शनिवारीं संध्याकाळीं त्या बंधूच्या दाराशीं उभे राहिलों. तो बांधावरून नुकताच आला होता, त्याच्या पायांस चिखल होता. आम्ही चुकलों असें आम्हीं म्हटलें. तो कांहीं बोलला नाहीं. आंत जाऊन त्यानें घोंगडी आणून अंथरली. त्याची बायको चुलीपाशीं होती. तिनें विचारिलें नाहीं, बाजरीची भाकर, पिठलें व कांदा आमच्यापुढें आणून ठेविला. जो मुलगा आजारी पडला होता तो आतां चांगला धडधाकट झाला होता. तो तांब्या घेऊन आला व आमच्या हातांवर पाणी घातलें. आम्ही जेवलों. दुसऱ्या दिवशीं घंटा झाली तेव्हां तो बंधु लिंबाखालीं थांबला नाहीं. मुलाचें बोट धरून आंत आला, व दाराजवळच्या सतरंजीवर आम्हीं सरकून केलेल्या जागेंत बसला.